परग्रहावरचं पाणी

मुंबई,
५ ऑक्टोबर २०२४

ती. हेमराजमामास,
दिव्यानीचा वाकून नमस्कार. वि. वि. वडशात तुमच्या नाटक कंपनीच्या तालमी सुरू झाल्या असतील. फोनवर तुम्ही नुसतं हो-हो करता, म्हणून लिहिते.

आमच्या अंतराळयानाच्या मालिकेचा नवा भाग मी लिहिला. यान बिघडून एका परग्रहावर उतरतं. तिथल्या वस्तीतले लोक यानातल्या सगळ्यांना महिनाभर जेवू घालतात. परतीच्या वाटेला पाणी पुरणार नाही, म्हणून निघताना कप्तान वस्तीचं पाणी गाळायचं एकुलतं यंत्र उचलून नेतो. बाकीचे बघतात आणि गप्प बसतात. यानावरची डॉक्टरीणसुद्धा. घरी सगळ्यांनाच जायचंय.

निर्मात्यांना हे नको आहे. कप्तान प्रेक्षकांचा लाडका, त्याला चोर कसं दाखवायचं? ते म्हणतात, वस्तीतले लोकच कपटी दाखव, म्हणजे कुणाला टोचणार नाही. तसं लिहिलं तर पुढच्या पर्वाची मुख्य लेखिका मी. आईला अजून कळवलं नाही. ती अख्ख्या पोंभुर्ण्यात पेढे वाटून मोकळी होईल. तुम्ही आयुष्यभर खलनायक करत आलात. मी काय करू?

मामीला नमस्कार. तुमच्या रागलोभावर हक्क सांगणारी,
दिव्यानी


वडसा,
१४ ऑक्टोबर

चि. दिव्यानीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद. पत्र मामीनं दोनदा वाचलं. तिले त्या डॉक्टरणीचा लय राग आला. म्हणे, शिकलेली बाई अन् गप्प बसली काऊन? त्या दिवशी मले भाजी खारट भेटली.

पोरी, मी खलनायक करतो तवा समोरच्या माणसाले तो आपल्यातलाच वाटला पायजे, एवढंच पाहतो. तुया कप्तान तसाच हाय. लेकराबाळांत जायासाठी चोरी करते. त्याच्या जागी मी असतो तं मीबी ते यंत्र उचललं असतं कदाचित. पण ज्यायनं जेवू घातलं, त्यायले कपटी म्हटलं नसतं.

बाकी नोकरी तुयी हाय, ठरवनं तुलेच. त्यायले तो प्रसंग नको असन, तं मले धाड. आम्ही इथी यंदाच्या नाटकासाठी गोष्ट शोधूनच राह्यलो.

तुया वाटेकडे डोळे लावून,
हेमराजमामा


मुंबई,
२ नोव्हेंबर

ती. मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार. बैठकीत मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्या लेखकाकडून वस्तीतल्या लोकांना कपटी करून घेतलं आणि मला मोकळं केलं. माझा प्रसंग मी मागून घेतला. सोबत धाडते आहे. नाटकात बसेल तसा बसवा.

राग नाही मामा. फक्त आईला कोणत्या तोंडाने सांगू, ते कळत नाही. तुम्हीच काहीतरी सांभाळून सांगा.

तुमची माया अशीच असू द्यावी,
दिव्यानी


वडसा,
१९ जानेवारी २०२५

चि. दिव्यानीस,
मामाचे आशीर्वाद, अन् यावेळी थोडा नमस्कारबी.

परवा पोंभुर्ण्याजवळच्या एका गावच्या मंडईच्या जत्रेत तुया नाटकाचा पयला प्रयोग झाला. मी कप्तान, आमच्या कंपनीतली चंचल झाली डॉक्टरीण. चांदीसारख्या कापडाचे पोशाख पाहून पोरं आधी खूप हासली. मी यंत्र खांद्यावर घेतलं अन् त्यायचं हासनं थांबलं. मी शिट्ट्यांची वाट पाहून राह्यलो होतो. एक शिट्टी नाई वाजली.

समोर सोमारी नावाची म्हातारी बसली होती. ती उठून रंगमंचापाशी आली अन् हळूच बोलली, "बापा, आता त्या लेकरांनी काय प्यावं?"

मी मान खाली घालून तसाच उभा राह्यलो, अन् चंचल खरंच रडली.

तुया आईले म्या आधीच सारं सांगितलं होतं. तिनं फक्त नाटक कधी हाय ते विचारलं. तिले तू जानतेस, लग्नाच्या फोटोतबी मागं लपते. शेवटी माइकवर नाव पुकारलं: लेखिका, दिव्यानी गुणवंतराव गुरनुले, पोंभुर्णा. तवा ती बायांमधून उठली, पदर नीट केला, लोकांकडे तोंड केलं अन् साऱ्यायनं पाहून घेईस्तोवर उभीच राह्यली.

तुया नावाचा अभिमान वाहणारा,
हेमराजमामा