आईला केलेली मनाई

१२ जानेवारी १९५९
आज आईला सगळ्यांसमोर बोलले! डॉक्टरांचा हुकूम — खेड्यातल्या सुइणींना समजवा. नवी नर्स मीच, तेव्हा मीच समजवायचं. दवाखान्याच्या ओसरीत सहा जणी बसल्या होत्या. त्यातली एक माझी आई, साळूबाई. आमच्या वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली.

मी म्हणाले, "अडलेल्या बाईला हात लावायचा नाही. सरळ इथे पौडला, दवाखान्यात आणायचं."

आई म्हणाली, "आन् वाट?"

डोंगर उतरून चार तास, तेही डोलीतून. मला का ठाऊक नाही? तरी म्हणाले, "तसा कायदाच आहे." कसला कायदा! तोंडातून निघून गेलं.

नंतर डॉक्टर म्हणाले, "त्या तुमच्या आई? वाटत नाही हो." मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते — पण बरं वाटलं.

१३ जानेवारी
रात्री आई माझ्याकडेच राहिली होती. सकाळी चहा न घेताच गेली.

२ फेब्रुवारी
नथूदादा आला होता. लिलावहिनीला आठवा सरत आला. म्हणाला, "आई आता कुनाच्याच बाळंतपनाला जात न्हाई. लेक म्हनती कायदा हाय, म्हनती." मग हसला, "तुजं बोलनं लई पुण्यावानी झालंय गं."

रविवारी वाडीवर जाऊन आईला खरं सांगून येते.

८ फेब्रुवारी, रविवार
गेले नाही. डॉक्टरीणबाईंकडे हळदीकुंकू होतं. मला पहिल्यांदाच बोलावणं! पाटावर बसवलं, मामलेदारीणबाईंच्या शेजारी. पुढच्या रविवारी नक्की.

२७ फेब्रुवारी
त्याही रविवारी गेले नाही. पुढच्याही नाही.

आज दुपारी दवाखान्याच्या दारात डोली. लिलावहिनी. पहाटेपासून अडली होती — मूल आडवं. उतारावरच गेली. मूलही गेलं. नथूदादा डोलीचा दांडा सोडेना.

आई मागून चालत आलेली, पाय फुटलेले. मी विचारलं, "तुला फिरवता आलं असतं?"

"आलं आसतं. लई फिरवली आजवर."

पुढचं विचारायची हिंमत झाली नाही.

१ मार्च
वाडीवर गेले. आईच्या पायाशी बसून सांगितलं — कायदा नव्हता, मी खोटं बोलले.

आई म्हणाली, "म्हाईत व्हतं. कोतवालाला इचारलं व्हतं म्या तवाच. पर चारचौघींत तुजा सबूद खाली कसा पाडू? वाटलं, पोचंल लिला."