लेकीचा अंबाडा मीच घातला

सोमवार, १७ मे २०२१. काल लेकीचं लग्न झालं. आज सकाळी अंगणातला मांडव सोडला, भाड्यानं आणलेली भांडी घासून टेम्पोत चढवली. नणंदबाई दुपारच्या आत त्यांच्या गावी गेल्या. जाताना चहा घेतला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला मी एकटीच होते. कालचा मसालेभात उरला होता, तोच गरम केला.

आई, हे सगळं तुला सांगायचं आहे, आणि तुला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. लेक माझ्या पोटात होती तेव्हाच तू गेलीस, त्यामुळे तू तिला पाहिलं नाहीस. ती पुण्यात नोकरी करते. तिचे वडील चार वर्षांपूर्वी हार्टअटॅकनं गेले. आणि सध्या एक आजार आला आहे. गेल्या वर्षी आला, मधे जरा कमी झाला, आणि या उन्हाळ्यात असा पसरला की आमच्या पारनेरात रोज कुणाचं तरी कानावर येतं. बाजार बंद, शाळा बंद, पुरुषांची सलूनं बंद, बायकांची पार्लरं बंद. शेजारच्या सरांचे केस त्यांच्या बायकोनं शिवणाच्या कात्रीनं कापले, तेव्हापासून सर टोपी घालून मोबाईलवर शाळा घेतात. लग्न पुढं ढकलावं असं मी म्हणत होते, पण मुलाकडच्यांचं म्हणणं पडलं की ठरलेल्या तारखेलाच, मोजक्या माणसांत, तुमच्या दारात उरकून घेऊ. मी हो म्हटलं.

नगरच्या एका पार्लरवाल्या बाईंना लेकीनं हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं. लग्नाला आठवडा राहिला आणि त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, शटर उघडलं तर दंड करतायत, आणि माझ्या घरात दोघं पॉझिटिव्ह आहेत. तुमच्या मंगलकार्यात मी कुठल्या तोंडानं येऊ?" लेक अर्धा दिवस रडली. मग उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "मम्मी, आपणच करू. तू आणि मी."

तो आठवडा मला आयुष्यभर पुरेल. डाळीच्या पिठात साय आणि हळद कालवून रोज सकाळी तिच्या तोंडाला, हाताला लावायचं. हातापायांचे केस काढायला साखर आणि लिंबाचा पाक गॅसवर ठेवला, तो मी जरा जास्त आटवला आणि ताटलीत ओतल्या ओतल्या तो दगड झाला. लेक म्हणाली, "मम्मी, ही चिक्की झाली. खा आता." दुसऱ्यांदा जमला. भुवया कोरायला शिवणाचा पांढरा दोरा दातांत धरून शिकले. आधी स्वतःच्या नडगीवर करून पाहिलं, मग तिच्या भुवयांवर. आरशात बघून ती म्हणाली, "उजवी माझी आहे. डावी कुणाची?" लग्नाला दिवस होते म्हणून बरं, तोवर डावी जरा भरून आली. संध्याकाळी मोबाईल डब्याला टेकवून ठेवायचा, त्यात कुणीतरी मुलगी अंबाडा घालून दाखवते, तसा मी घालून बघायचा. लेकीनं केस खालून पायऱ्या पायऱ्यांनी कापलेले. कितीही धरले तरी आखूड बटा निसटतात. मी आकडे लावते, ती मान हलवून बघते, सुटतो. पुन्हा घालते.

असं तिच्या मागं बसलं की तू आठवायचीस. चुलीसमोर तू पाटावर बसली आहेस, मला गुडघ्यांत धरलं आहेस. तव्यावर भाकरी आहे म्हणून तुझा एक डोळा तिकडं. तेल थापतेस, फणी ओढतेस, मी ओरडते. "मुंडी हालवू नको, न्हाईतर भाकर करपली तर तुलाच खावी लागंल." दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनी, इतक्या घट्ट की शाळेत पोहोचेपर्यंत डोळे ताणलेले असायचे. दादा वारले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर तुझ्या कपाळावर काही नाही, हातात काही नाही, पण माझी वेणी एक दिवस चुकली नाही. बाराव्या दिवसानंतर मी शाळेत गेले ती तू घातलेल्या वेण्या घालूनच गेले. तेव्हा तुझा हात कुणाला अशुभ वाटला नाही. जामखेडला कॉलेजात जायला लागले तरी परीक्षेच्या दिवशी मी तुझ्यासमोर येऊन बसायचे.

मग माझं लग्न. शाळेच्या पटांगणात मांडव, आणि मला घरात आतल्या खोलीत बसवलेलं. थोरल्या काकू केस घालायला बसल्या. मी म्हणाले, "आई घालेल." काकू नुसत्या हसल्या. तू तेव्हा परसात बायकांबरोबर पुऱ्या लाटत होतीस. पीठ लागलेले हात घेऊन तू दारापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "जाऊबाई, डाव्या अंगाला सैल ऱ्हायलंय." बास, इतकंच बोललीस. काकू म्हणाल्या, "तुमी तिकडं व्हा बरं. नवरीवर सावली नका पाडू." मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता तू काहीतरी बोलशील. तू माझ्या केसांकडं बघत होतीस, तोंडाकडं नाही. मी पुन्हा म्हणाले, "आई, तूच घाल ना." तर तू माझ्यावरच डाफरलीस, "गप बस. तुझ्या बऱ्यासाठीच हाय." आणि मागं सरलीस. अक्षता पडल्या तेव्हा तू कुठं उभी होतीस ते मला अजून माहीत नाही.

आता परवाचं सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी नणंदबाई आल्या. यांच्याहून मोठ्या, यांना अंगाखांद्यावर खेळवलेल्या. मी त्यांना अक्का म्हणते. वाईट नाहीत. हे गेले तेव्हा दीड महिना माझ्याजवळ राहिल्या, माझ्या कपाळावरची बारीक टिकली काढ असं कधी म्हणाल्या नाहीत. परवा रात्रीच्या जेवणाआधी लेकीनं त्यांना अंबाड्याचा फोटो दाखवला, "आत्या, मम्मीनं घातला." अक्कांनी फोटो बघितला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"उद्या केस मी घालीन."

"अक्का, आठवडाभर तेच शिकलेय मी."

"शिकलीस ते ब्येस झालं. पर उद्याचा दिवस येगळा हाय. हळद, केस, वटी, सवाष्णीचाच हात पायजे. तू शाळेत क्लार्क हायस, शिकलेली हायस, तुला काय म्या सांगू?"

तुला माहीत आहे, मला लगेच बोलता येत नाही. शाळेतही कुणी फाईल फेकली तरी मी ती उचलून घरी जाते आणि जेवताना मला उत्तर सुचतं. हळद अक्कांनीच लावली, ती मी लावू दिली.

काल सकाळी लेक न्हाऊन पाटावर बसली. मी अंगणातल्या मोगऱ्याचा गजरा ओवून आणला, कारण फुलांचा बाजारही बंद. आत येते तर अक्का तिच्या मागं बसलेल्या, हातात कंगवा. म्हाताऱ्या बायका घालतात तसा बुचडा त्यांनी वळला होता. लेक आरशात माझ्याकडं बघत होती. तूच घाल, असं ती म्हणाली नाही. तिला वाटलं असेल की मी नाही म्हटलं तर माझीच शोभा होईल. मी गजरा ताटलीत ठेवला आणि म्हणाले, "अक्का, उठा तिथून."

"आगं, मुहूर्त जवळ आलाय."

"म्हणूनच म्हणते. उठा."

अक्कांचे डोळे भरले. खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझा भाऊ गेला. म्या बघितलाय त्याला जाताना. ह्या पोरीचं तसं नको व्हायला, येवढंच हाय माझं. तुझा राग न्हाई मला."

त्या वेळी मला उत्तर लगेच सुचलं, आई. पहिल्यांदाच. मी म्हणाले, "अक्का, तुमच्या भावाच्या लग्नात माझ्या केसांना फक्त सवाष्णींचे हात लागले होते. माझ्या आईला दारातून मागं हाकललं होतं. सगळं नियमानं झालं होतं. तरी झालंच ना जे व्हायचं ते?"

त्यांनी कंगवा खाली ठेवला. उठल्या आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसल्या. मी बुचडा सोडला, केस विंचरले, आणि अंबाडा घातला. लेकीनं आकडे तळहातावर धरले होते, मागेन तसा एकेक देत होती. एकदाच म्हणाली, "मम्मी, तुझा हात किती गार आहे."

मुलाकडचे कोल्हारहून दोन गाड्यांत आले. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, नगरपंचायतीचा माणूस दारात माणसं मोजतोय, भटजी मंगलाष्टकं मास्कमधूनच म्हणतात, असं लग्न. अक्षता पडल्यावर विहीणबाई सुनेजवळ आल्या. अंबाड्यावर हलकेच हात ठेवून म्हणाल्या, "पार्लरं तर बंद आहेत. केस कुणी घातले हो? छान बसलेत." मी काही बोलायच्या आत अक्का पुढं झाल्या. "आमच्या सुनेनं घातले. तिला लई हौस."

अक्कांची सून तर लग्नाला आलीच नव्हती. त्यांनी हे माझ्यासाठी केलं, हे मला कळत होतं. मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती, पुढचं जेवण नीट झालं असतं, आणि लेक सासरी जाताना कुणाच्या मनात काही राहिलं नसतं. लेक खाली बघत होती. मला वाटलं, आत्ता मी गप्प बसले तर उद्यापासून तीही माझ्यासाठी खोटं बोलायला लागेल, सासरी, शेजारी, सगळीकडं. मी मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "नाही, मी घातलेत."

विहीणबाईंनी माझ्या कपाळाकडं पाहिलं. मग लेकीकडं. बराच वेळ त्यांनी हात अंबाड्यावरच ठेवला होता, तो काढून घेतला. "बरं," म्हणाल्या. मग मुंडावळीची गाठ सैल झाली होती ती नीट केली आणि म्हणाल्या, "चला, फोटो काढून घेऊ." त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. लेकीला पुढं कधीतरी ऐकून घ्यावं लागेल, लागणारही नाही. जाताना लेकीनं मला मिठी मारली ती सगळ्यांसमोर, आधी मला, मग अक्कांना.

आई, त्या दिवशी काकूंपेक्षा मला तुझा राग आला होता. आजही आहे. लोक म्हणतात, तिच्या काळी तसंच होतं. असेल. पण तू रानात एकटीनं बैल धरलेस, दादांच्या भावांशी बांधासाठी भांडलीस, तलाठ्याला दारात उभं करून बोललीस. तुला बोलता येत नव्हतं असं नाही. फक्त माझ्या केसांसाठी तू बोलली नाहीस. माझ्या बऱ्यासाठी म्हणून मागं सरलीस, आणि माझं बरं झालं ते माझ्या नवऱ्याच्या स्वभावामुळं झालं, तुझ्या मागं सरण्यामुळं नाही. आणि जे वाईट झालं ते तुझ्या मागं सरण्यानं टळलं नाही. तू घातला असतास तर निदान तुझ्या हातचा अंबाडा माझ्या लग्नाच्या फोटोत असता. फोटोत माझे केस डावीकडून सुटलेले आहेत. हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं म्हणून आज लिहिते आहे. तू चुकलीस. मी तुझ्यासारखी मागं सरले नाही, आणि पुन्हा वेळ आली तरी सरणार नाही. माझी नात झाली आणि तिचं लग्न बघायला मी असले, तर तिचेही केस मी घालीन, हात थरथरत असले तरी.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुला अक्षर लागत नव्हतं. मामाची पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायचे, आणि तू म्हणायचीस, पुन्हा वाच. हे कुणी वाचून दाखवणार नाही.

एक गोष्ट अक्कांना कळू द्यायची नाही, म्हणून तुलाच सांगते. आज सकाळपासून मी लेकीला तीनदा फोन केला. दर वेळी दुसरंच काहीतरी विचारलं, सामान नीट लागलं का, पाणी मानवतंय का. आणि दर वेळी शेवटी विचारलं, जावईबापूंना ताप वगैरे नाही ना, खोकला नाही ना. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मम्मी, त्यांना काही झालेलं नाही. तू झोप जरा."

मग मी बंब पेटवला. आता पाणी तापलं असेल. चार दिवस डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही, केस धुऊन घेते.