अस्तर माझं, चर्चा गावभर

तीर्थरूप मावशी,

सप्तांग नमस्कार. (आठवं अंग सध्या घरादाराच्या चर्चेत गुंतल्यामुळे मोकळं नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? त्यांच्याबद्दल लोक निदान तुझ्याशीच बोलतात ना? मग सुखी आहेस.

माझं डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. फोन केला असता, पण भिंतीपलीकडे सासूबाई आहेत. तुला ठाऊकच आहे, आमचे दोन गर्भ दवाखान्यात गोठवून ठेवलेत (आमच्या अख्ख्या संसारात शिस्तीत राहणारे तेवढे दोघेच). ते आत सोडायचे तर गर्भाशयाचं अस्तर पुरेसं जाड व्हावं लागतं, त्यातच ते रुजतात. गोळ्या झाल्या, तपासण्या झाल्या, पण माझं अस्तर हटून बसलेलं. परवा डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "या महिन्यात नको. तुमचं काही चुकलेलं नाही, औषध बदलून पुन्हा बघू." मी शहाण्यासारखी मान डोलावली, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

तेवढ्यात बाहेर बसलेल्या आमच्या ह्यांनी काय करावं? मी तोंड धुऊन येईपर्यंत आईला फोन लावून, "अस्तर पातळ आहे," असं सांगून मोकळे! संध्याकाळपर्यंत थोरल्या जाऊबाई, त्यांच्या माहेरची माणसं, लिफ्ट दुरुस्त करणारा आणि सासऱ्यांचे निवृत्त ओव्हरसियर मित्र, सगळ्यांना माझ्या आतली बाजू तोंडपाठ. ओव्हरसियरांनी तर जिन्यात गाठून सल्ला दिला, "सूनबाई, घाई नको. पहिला गिलावा सुकल्याशिवाय दुसरा हात मारू नये." (बाईच्या पोटाबद्दल बोलायला सगळ्यांना मुभा असते, एक ती बाई सोडून.)

कळस काल झाला. सासऱ्यांचा कोट शिवायचा म्हणून सासूबाई मला आणि ह्यांना टेलरकडे घेऊन गेल्या. टेलरने आम्ही नेलेलं कापड-अस्तर उलटसुलट करून पाहिलं आणि भाबडेपणाने म्हणाला, "अस्तर फार पातळ आहे हो, टिकायचं नाही." झालं! सासूबाईंनी भर दुकानात डोळ्याला रुमाल लावला आणि त्याला माझी कहाणी पहिल्यापासून ऐकवली. तो बिचारा गळ्यातली टेप चाचपत म्हणाला, "दुहेरी लावू या का?" आणि आमचे हे? बटणांचे नमुने बघत उभे! मावशी, माझा तोल गेला. "हे माझं पोट आहे, कोट नाही!" अशी ओरडले की पडद्यामागून एक गृहस्थ अर्ध्या पँटीत बाहेर आले. ह्यांना म्हटलं, "तुमची तपासणी झाली, तेव्हा मी कुणाला फोन लावला होता?" ह्यांचा चेहरा पडला. पडू दे.

परतताना सासूबाई रस्त्यातच थांबल्या. ह्यांच्याकडे बोट करून, "ह्याच्या आधी माझे दोन पोटातच गेले," म्हणाल्या. "सगळ्यांनी मला पांढऱ्या पायाची ठरवलं. अस्तर-बिस्तर कुणी सांगितलंच नाही गं. तुझं कारण डॉक्टरांनीच सांगितलं, म्हणून मी सांगत सुटले. तुला तसं कुणी बोलू नये म्हणून."

त्यांचे दोन कशाने गेले, देव जाणे. पण मला भांडायला तोंडच उरलं नाही, आणि त्याचा राग निराळाच! त्यांना पांढऱ्या पायाची म्हणणारे एकजात मरून गेलेत, नाहीतर आज एकेकाच्या दारात उभी राहून सात पिढ्यांचा उद्धार करून आले असते.

काकांना नमस्कार. पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस, त्यांनाही काहीतरी सुचेल.

तुझी संतापलेली भाची

ता. क. पुढच्या तपासणीला तू ये. सासूबाई माझ्याबरोबर आत यायचं म्हणताहेत. त्यांना बाहेर धरून बसवायला भक्कम माणूस हवं.

आणखी ता. क. राहू दे. त्यांना मीच आत नेईन. त्यांना बिचारीला कुणी कधी पडद्यावर काही दाखवलंच नाही. तू बाहेर ह्यांच्याजवळ बस. माणूस वाईट नाही, पण तिथे एकटा बसला की भेदरतो.