म्हशीसाठी नेसलेली साडी

कसबा बावडा, मंगळवार, १८ जानेवारी २००५

...शेण काढून, आंबोण ठेवून माझी धाकटी जाऊ सुमन माझी साडी नेसून धारेला बसायची. खांद्याच्या ऑपरेशननंतर माझा हात झोळीत, आणि म्हैस वास ओळखते, परक्याला पान्हा सोडत नाही. हे गेले तेव्हा मीही यांचा सदरा घालूनच बसले होते. चार महिने सुमननं माझी साडी नेसली, कधी कुरकुरली नाही. असं कोण करतं?

आज डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. गेला. धार काढायची परवानगी मिळाली.

सुमन म्हणाली, "आक्का, म्हशीला आता माजी सवय लागलीया. तुमीच माजी साडी नेसा की."

तिच्या साड्या हिरव्या, लाल. हे गेल्यापासून मी तसा रंग नेसलेला नाही.

बुधवार. सुमनची हिरवी साडी नेसून मी धार काढली.