हडंब्याचं तोंड

बाबा, सोमवारी वाशिमहून एक पत्रकार बाई आल्या होत्या. त्यांच्या वर्तमानपत्राची जिल्ह्यातल्या उद्योजकांवर पुरवणी निघणार आहे. मंगरूळपीरचे एक डाळमिलवाले, म्हशींचा मोठा गोठा चालवणाऱ्या एक ताई, गाद्या-रजया शिवून पार हैदराबादपर्यंत पाठवणारे दोघे भाऊ, आणि मालेगाव रोडवरचा आपला मळणीयंत्रांचा, म्हणजे हडंब्यांचा, कारखाना. बाई तुमच्या फोटोखाली बसल्या आणि म्हणाल्या, वडिलांबद्दल सांगा, शून्यातून कसं उभं केलं त्यांनी हे सगळं. मी सांगितलं. अनसिंगजवळच्या खेड्यातला चौथी शिकलेला माणूस, भाड्याच्या हातगाडीवर वेल्डिंगची मशीन ठेवून बाजाराच्या गावांना फिरायचा, लोकांचे मोडके नांगर जोडून द्यायचा, आणि एका उन्हाळ्यात भंगारातला ड्रम आणून त्यानं स्वतःच्या डोक्यानं पहिला हडंबा उभा केला. हे खोटं नाही. मग त्यांनी विचारलं, "शिस्तीचे असतील?" मी म्हटलं, "हो, कडक होते." त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे म्हणाल्या, "आणि मुलीच्या हाती कारखाना दिला. त्या वेळी, या भागात! केवढा मोठा विचार." मी उठले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

कडक म्हणजे काय ते त्या बाईंना कसं सांगणार होते मी? दुपारी एकला तुम्ही घरी यायचे, कपडे धुवायच्या पावडरीनं हात घासायचे आणि स्वयंपाकघरात पाटावर बसायचे. भाकरी तव्यावरून थेट ताटात यायला हवी. आई एका हातानं थापतेय, दुसऱ्यानं शेकतेय, आणि मी दाराशी उभी राहून तुमच्या खांद्यांकडे बघतेय, कारण तुमचा राग आधी खांद्यात यायचा. एकदा भाकरीला उशीर झाला आणि तुम्ही ताट फेकलं, तर त्याची कड आईच्या भुवईला लागली. रक्त डोळ्यात उतरलं तरी तिनं तव्यावरची भाकरी उलटली. शेजारच्या काकूंना तिनं कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं, आणि ते सांगताना हसलीसुद्धा.

मी डिप्लोमा पास झाले त्या दिवशी तुम्ही मला बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर आणून दिलं. अकोल्याहून मागवलं होतं, मखमलीच्या पेटीतलं. "आता तू आपली इंजिनेर," म्हणालात, आणि तुमचा आवाज जरा कापरा झाला होता हे मी अजून विसरले नाही. त्याच दुपारी मी त्या व्हर्नियरनं तुमचा शाफ्ट मोजला आणि गिऱ्हाइकांसमोर बोलून गेले की एका टोकाला जाड झालाय, बेअरिंगमध्ये बसणार नाही. तुम्ही मला कानाखाली मारलीत. कान संध्याकाळपर्यंत वाजत होता. गिऱ्हाइकं छताच्या पत्र्यांकडे बघू लागली. शाफ्ट खरंच बसला नाही. तो तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा लेथवर चढवलात. कारखान्यात तुमच्या हाताला जे लागेल ते उडायचं. कामावरच्या माणसांना हातोडी कुठून येईल याचा अंदाज बांधता यायला लागला होता.

एकाच माणसावर तुमचा हात उठत नव्हता. मिस्त्री चाचा. तुमच्या हातगाडीच्या दिवसांपासून तुमच्याबरोबर होते, आणि खरं तर ड्रमचे दात कसे बसवायचे ते त्यांनीच तुम्हाला दाखवलं होतं. एका वर्षी सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला होता. चाचांनी हडंब्याचं एक नवं तोंड बनवलं होतं, ज्यातून पेंढी आत सारतात ते. आपलं तोंड आखूड आणि उघडं. त्यांचं लांब, वरून पत्र्यानं झाकलेलं.

"शेठ, येवढं हातभर लांब केलं का मानसाचा हात ड्रमपातुर जाचंच नाई," चाचा म्हणाले.

"अन् पेंढी कोन ढकलीन आतमंदी, तुहा बाप? लोकायले पटपट काम पायजे. हे बोजड लफडं कोन घेईन?"

अनसिंगचे तीन शेतकरी उभे होते. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि हातातला वेल्डिंगचा चिमटा खाली ठेवला. "मंग आखूड तोंडाचा मी नाई बनवत आता. दुसरा मिस्त्री पाहून घ्या."

ते शांतपणे बोलले होते. माझ्या मते तेच तुम्हाला सहन झालं नाही. टेबलावर चोवीस नंबरचा पाना होता. मी ऑफिसच्या खिडकीत होते, मला तुमचे खांदे दिसले, आणि मी हाक मारायच्या आत तो पाना चाचांच्या तोंडावर बसला होता. लाकूड फुटल्यासारखा आवाज आला. ते गुडघ्यांवर आले, त्यांच्या पांढऱ्या दाढीतून रक्त गळायला लागलं आणि त्यात दोन दात पडले. तुम्ही पुन्हा हात उचलला होता. त्या शेतकऱ्यांपैकी एकानं तुम्हाला मागून मिठी मारली म्हणून थांबलात.

चाचांना दवाखान्यात मी नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. जबडा मोडलेला होता, चाचांना बोलता येत नव्हतं, म्हणून उत्तर मी दिलं. "पाय घसरला, लोखंडावर पडले." चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी चोवीस वर्षांची होते, बाबा, आणि ते वाक्य माझ्या तोंडून अगदी सहज निघालं. आईकडून शिकले असेन.

त्यानंतर वीसेक दिवसांनी मंगरूळपीरकडच्या एका गावात आपल्या हडंब्यात एका बाईचा हात गेला. ती पेंढी आत सारत होती, बांगड्यांत काड्या अडकल्या आणि ड्रमनं तिला ओढलं. उजवा हात कोपराच्या वरपर्यंत. तुम्हाला फोन आला तेव्हा तुम्ही जेवत होतात. "नीट लावला नसंन माल," म्हणालात आणि जेवण संपवलंत.

पाचव्या दिवशी भर दुपारी ते आले. ट्रॉलीतून बारा-पंधरा माणसं, हातात काठ्या, एकाजवळ कुऱ्हाड. अंगणात नवा हडंबा ट्रॅक्टरला जोडून चालू ठेवलेला, कारण एका गिऱ्हाइकाला दाखवायचा होता. गिऱ्हाईक पळालं. त्या बाईचा नवरा किडकिडीत माणूस होता, चार दिवसांची दाढी वाढलेली. तो तुमच्यासमोर येऊन म्हणाला, "माह्या बायकोचा हात कुठी हाय, सांग."

"मशीनचा काय दोस?" तुम्ही म्हणालात. "तिले अक्कल नव्हती काय?"

पहिली काठी तुमच्या मानेवर पडली. तुम्ही ती हिसकावलीत आणि ज्यानं मारली त्याचंच नाक फोडलंत. मग सगळे तुटून पडले. ऑफिसच्या काचा फुटल्या, कुऱ्हाडवाल्यानं रंगवून ठेवलेल्या तीन मशिनींचे पत्रे फाडले, आपले कामगार भिंतीवरून उड्या मारून पसार झाले. एकही जण तुमच्यासाठी थांबला नाही. तुम्हाला खाली पाडून ते लाथा घालत होते आणि तुम्ही खालूनही शिव्या देत होतात. तेवढ्यात तो नवरा ओरडला, "लावा याचा हात आतमंदी! समजू द्या कसं लागते ते!"

चौघांनी तुम्हाला उचलून हडंब्याच्या तोंडाशी नेलं. नवऱ्यानं तुमचं उजवं मनगट धरलेलं. ट्रॅक्टर बंद करायची दांडी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी ट्रॅक्टरला टेकूनच उभी होते. तुम्ही मला पाहिलंत. "बंद कर! पोरी, बंद कर ना वं!" त्या आवाजात तुम्ही माझ्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हतात. मी तुमच्या हाताकडे बघत होते. मला ऐकू येत होतं, कळत होतं, माझे हातपाय शाबूत होते. एक श्वास गेला असेल, चार गेले असतील. लोक म्हणाले, पोरगी भेदरून गेली. मी भेदरले नव्हते, बाबा. मी त्या माणसांना थोडा वेळ देत होते.

मिस्त्री चाचा त्या दिवशी त्यांची हत्यारं न्यायला आले होते, जबडा फडक्यानं बांधलेला. ते शेडमधून धावत आले, मला धक्का देऊन बाजूला केलं आणि दांडी ओढली. इंजिन थांबलं, पण ड्रम लगेच थांबत नाही, तो स्वतःच्या वजनानं फिरत राहतो. तुमची दोन बोटं गेली. तो नवरा मातीत बसला आणि ओकला. त्याच्याच भावानं खांद्यावरचा दुपट्टा काढून तुमच्या हाताला करकचून आवळला, आणि ज्या ट्रॉलीतून ते तुम्हाला मारायला आले होते तिच्यातूनच तुम्हाला दवाखान्यात नेलं.

पोलीस आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाइकाले मशीन दाखवून राह्यलो होतो. लक्ष नव्हतं." कोणाचंही नाव घेतलं नाहीत. मशीनवर केस होईल म्हणून, की आणखी कशासाठी, मी कधी विचारलं नाही. तुम्हीही मला कधी विचारलं नाही की दांडी का ओढली नाहीस.

चाचांना परत बोलवायला मी त्यांच्या घरी गेले. चाची दारातून आत येऊ देईनात. चाचांनी फडक्यामागून, दात आवळून, एवढंच सांगितलं, "तुमी चालवान त येतो. शेठ चालवतीन त नाई." मी घरी येऊन तुम्हाला तसंच्या तसं सांगितलं. तुम्ही चाव्यांचा जुडगा पाटावर ठेवलात. त्याला पुरवणीत आता "मोठा विचार" म्हणणार आहेत.

पुढे मी आणि चाचा त्या हात गेलेल्या बाईकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती, तिची सासू आत भाकरी थापत होती आणि मोठमोठ्यानं बडबडत होती. बाईनं विचारलं, "तुमच्या बापाचे बोटं गेले म्हन्ते?" मी हो म्हटलं. "मंग? माहा हात आला काय वापस?" चाचांनी तिला लांब तोंडाचं विचारलं, असं केलं असतं तर चाललं असतं का. ती उठली, मापाला म्हणून डावा हात लांब केला आणि म्हणाली, हातभर नाही पुरत, दीड हात पाहिजे, बाई वाकून उभी राहते तेव्हा खांदाही आत जातो. आज ती आपल्याकडे कामाला आहे. बंद हडंब्याच्या तोंडात ती खांद्यापर्यंत डावा हात घालते. बोटं ड्रमला लागली तर ती मशीन फाटकाबाहेर जात नाही. जुन्या मशिनींचीही तोंडं आम्ही गावोगाव जाऊन बदलली. दोन हंगाम लोकांनी आपल्याकडून काही घेतलं नाही. मग घ्यायला लागले.

तुम्ही आणखी सहा वर्षं होतात. फाटकाजवळच्या बाजेवर बसून राहायचे. डाव्या हातानं मारायला तुम्हाला कधी जमलं नाही. चाचा रोज येताना सलाम करायचे आणि तुम्ही मान हलवायचे. त्यापलीकडे तुमच्यात काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला मात्र ते सगळ्यांच्या आधी उभे होते.

काल पत्रकार बाईंनी लेख वाचायला पाठवला. छान लिहिलाय. मी त्यात एका शब्दाचीही दुरुस्ती केली नाही. पण घरात रात्रंदिवस ज्यांनी तुम्हाला पाहिलं त्यांतली आता मी एकटीच उरले, आई जाऊनही तीन वर्षं झाली, आणि एक गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती. शेवटच्या आजारपणात तुम्हाला मी भरवायचे. एका सकाळी तुमच्या कपाळावर माशी बसली, ती हाकलायला मी हात उचलला आणि तुम्ही डोळे मिटून मान आत ओढून घेतलीत. पेज उशीवर सांडली. मी तुमचं तोंड पुसलं, काही नाही बाबा, माशी होती, असं म्हटलं. आणि मला बरं वाटलं. त्यानंतरच्या दिवसांत तीन-चार वेळा, माशी नसतानाही, मी हात तसाच उचलून पाहिला.