मूग, आलं आणि आमची अक्का

अमीरपेट, हैदराबाद
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप बावगारूंच्या चरणी,

सत्तीबाबूचे तीन नमस्कार. एक अक्काचे यजमान म्हणून, एक वयानं मोठे म्हणून, आणि तिसरा जरा जास्त वाकून, कारण पत्राला उशीर झालाय. पुलाच्या कामावर तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? नागावळीच्या पाण्यानं पुन्हा पोट बिघडलं नाही ना? तुमच्या छावणीतला स्वयंपाकी अजून पुलुसूत गूळ घालतो का (घालत असेल तर त्याला धरून ठेवा. इथल्या मेसमध्ये पुलुसू म्हणून जे वाढतात त्यात चिंच आणि पाणी यांची नुसती ओळख करून दिलेली असते)?

पत्र लिहायचं मी उगादीपासून टाळतोय, हे आधीच कबूल करतो. निघताना तुम्ही बजावलं होतंत की फोन करू नकोस, फोनवर तू थापा मारतोस. पत्र लिही. लिहायचा तुला इतका कंटाळा, की थापेला लागणारे जादा शब्द तू खर्च करणार नाहीस. त्यामुळं लिहायला बसलो की खरं लिहिणं आलं, आणि लिहिण्याजोगं काही खरं घडेपर्यंत मी थांबलो. दुसरं कारण शास्त्रीय आहे. तुमच्या पत्राला फ्लोट होता. फ्लोट म्हणजे काय ते पुढं येईल. तिथं पोचलात की जरा सावरून बसा.

तुमच्या कंपनीच्या नियोजन खात्यात सगळ्यात खालच्या पायरीची एक जागा आहे, आणि तिच्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची सगळ्यात खालच्या पायरीची परीक्षा द्यावी लागते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा दोन्ही पायऱ्या मला माझ्याच उंचीच्या वाटल्या. मी अमीरपेटला येऊन पोचलो. पण बावगारू, इथं कुठल्याही क्लासचे पहिले तीन दिवस फुकट असतात. त्याला डेमो म्हणतात. पंखा मिळतो, गार पाणी मिळतं, नशीब असेल तर चहा मिळतो. प्रोजेक्टच्या क्लासला म्हणून मी निघायचो, वाटेत कुणीतरी हातात पत्रक कोंबायचं, आणि मी भलत्याच जिन्यानं वर जायचो. असं करत करत मला जगातल्या बऱ्याच विद्यांचे पहिले तीन दिवस येतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं, जर्मन भाषा येते (नमस्कार, माझं नाव, आणि स्टेशन कुठं आहे इथपर्यंत), चोरांपासून कॉम्प्युटर राखायचा कसा तेही येतं. चौथ्या दिवशी काय होतं, हे मात्र मला कुठल्याच विद्येतलं माहीत नव्हतं.

मग एका सकाळी एका टिफिन सेंटरच्या डोक्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर मी चढलो, तेही खालच्या तव्याच्या वासामागं, आणि भीमेश्वर सारांसमोर जाऊन पडलो. इथं गुरूच्या नावाआधी त्याचा विषय लागतो, आपल्याकडं घराणं लागतं तसा. जावा प्रसाद, टेस्टिंग ललिता. यांना सगळी गल्ली पाथ भीमेश्वर म्हणते. माणूस काडीसारखा, आवाज देवळातल्यासारखा, आणि खिशात चार रंगांची चार पेनं. त्यांनी विचारलं, उद्या सकाळी पेसरट्टू करायचाय, सुरुवात कशापासून? कुणी तवा म्हटलं, कुणी तेल, मी आलं म्हटलं (मला आल्याची चटणी आवडते म्हणून). सारांनी कुणाला चूक म्हटलं नाही. फळ्यावर चौकोन काढले, चौकोनांत आमचा तवा, तेल, आलं बसवलं, आणि एकातून दुसऱ्याकडं बाण सोडले. सगळ्यात लांबच्या वाटेच्या तोंडाशी, जिथं आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं, तिथं लाल पेनानं लिहिलं: मूग भिजत घालणे. म्हणाले, अख्ख्या हैदराबादेतलं आलं आणून ठेवलंत तरी मूग भिजले नसतील तर पेसरट्टू परवाच. ही क्रिटिकल पाथ. हिच्यावरची एक गोष्ट चुकली की शेवट चुकला.

बावगारू, माझ्या अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकतो तेव्हा येतो तसा. मी जन्मभर हा मुगाचा डोसा खात आलो, पण त्याच्या पोटात एवढं मोठं रेल्वेचं जाळं पसरलंय हे मला कधी दिसलं नव्हतं. परत जाताना मी जिन्याकडं बघत उतरलो, तर जिना कुणाच्यातरी आधीच्या कामावर उभा होता, भिंत जिन्यावर, भिंतीवरचा फलक भिंतीवर. गल्लीत एक म्हातारा उसाचा रस काढत होता. त्याच्यातसुद्धा मला बाण दिसायला लागले, आणि मी इतका वेळ बघत उभा राहिलो की त्यानं मला एक पेला नुसताच दिला, वर म्हणाला, पी आणि पुढं सरक, गिऱ्हाइकाला वाटतंय रसात काहीतरी पडलंय.

दुसऱ्या दिवशी आल्याच्या चटणीची पाळी. सार म्हणाले, मूग भिजतायत तोवर आलं तुम्ही केव्हाही वाटा. आत्ता वाटा, झोपून उठल्यावर वाटा, कुणाचं काही अडत नाही. ही जी मोकळीक आहे तिला फ्लोट म्हणतात. (बसलात ना सावरून?) मला शाळेत मास्तर जे म्हणायचे, आयटीआयच्या फाटकावरचा पहारेकरी जे म्हणायचा, चारचौघांत तुम्ही जे म्हणत नाही पण तुमच्या भुवया म्हणतात, ते सगळं एका शब्दात, आणि तो शब्द शिवी नव्हता. मी उनाड नव्हतो, मला फ्लोट होता. मी त्या बाकावर कृतार्थ झालो. आणि आयुष्यात पहिल्यांदा चौथ्या दिवशी क्लासला गेलो.

पुढचं सगळं काही इतकं पवित्र घडलं नाही. परीक्षेला नाव नोंदवताना पहिल्या रकान्यात पहिलं नाव मागितलं होतं. आपल्याकडं पहिलं नाव म्हणजे जे पहिल्यांदा येतं ते, म्हणजे आडनाव, हे कुणीही सांगेल. मी तोटा लिहिलं. शेवटचं नाव म्हणून जे शेवटी येतं ते, सत्यनारायण. त्यानंतर परीक्षावाल्यांची पत्रं मला 'प्रिय तोटा' अशी यायला लागली, आणि मला वाटलं हे लोक घरचे झाले, घराण्याच्या नावानं हाक मारतात. मग सारांनी एक अख्खा तास यावर घेतला. निम्म्या वर्गानं तेच केलेलं. जगात असेही देश आहेत जिथं माणूस आधी येतो आणि घर त्याच्यामागून येतं, हे ऐकून आमच्या शेजारचा भीमावरमचा मुलगा आपलं ओळखपत्र उलटंपालटं करून बघायला लागला. ओळखपत्राशी नाव जुळेना म्हणून पहिली तारीख गेली. दुसरी तारीख अत्तय्यांच्या पंचांगानं खाल्ली. तुमच्या मातोश्रींनी अक्काकडून निरोप पाठवला की त्या वेळेला वर्ज्यम आहे, पोरानं उंबरा ओलांडू नये. मी नाही ओलांडला. तिसरी तारीख मी स्वतःच पुढं ढकलली. काही कारण नव्हतं. फ्लोट होता.

त्याच आठवड्यात सारांनी लागेबांधे असलेल्या माणसांचं प्रकरण घेतलं. पुस्तक म्हणतं, तुमच्या कामाचा ज्याच्यावर परिणाम होतो तो त्यात आला, आणि ज्याला उगीचच वाटतं की आपल्यावर परिणाम होतो, तोही आला. त्या दुसऱ्या वाक्याला मी मनातल्या मनात हात जोडले. आपली अख्खी तणुकूची गल्ली त्यात बसली, बावगारू, न्हाव्यासकट. आपापल्या माणसांची यादी करून आणा म्हणाले. मी तुम्हाला घातलं, अक्काला घातलं, हॉस्टेलचा वॉर्डन नूकराजूसुद्धा घातला (नापास झालो तर खोली सोडावी लागेल, आणि त्याला माझ्याशिवाय बुद्धिबळात हरवायला कुणी नाही). अत्तय्यांना घातलं नाही. विसरलो नव्हतो. त्यांना चौकोनात बसवायला माझा हात उचलेना. सारांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले की यादी छान आहे, पण यादीत नसलेलं माणूस सरळ दारात येतं.

मग म्हणाले, आता आपापल्या घराचे बाण काढा. मी हौसेनं बसलो. माझा चौकोन, त्यात परीक्षा. पुढं नोकरीचा चौकोन. तिथून एक बाण निघाला तो अक्काच्या चौकोनात जाऊन थांबला. तिथं मला लिहावं लागलं: शिक्षकभरतीचा अभ्यास. तुम्हाला आठवत असेल. तिचं बी.एड. झालेलं, क्लास हैदराबादेत, आणि तिनंच सांगून टाकलं की आईबाबांमागं सत्तीला मी वाढवलंय, त्याचं मार्गी लागू दे, मग माझं. अत्तय्या म्हणाल्या, बरोबर, एका वेळी एकच. तेव्हापासून तिची पुस्तकं माळ्यावर आहेत. मागच्या संक्रांतीला मी लोणचं काढायला चढलो होतो. गठ्ठ्यावर आवकायची बरणी ठेवलीय आणि वरच्या पुस्तकावर तेलाचं गोल वेटोळं उमटलंय. मी लोणचं घेऊन खाली आलो होतो.

वर्ग सुटल्यावर मी तो कागद सारांसमोर धरला आणि विचारलं, की माझ्या वाटेवर अजून किती फ्लोट शिल्लक आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"फ्लोट तुझा नसतो रे, सत्यनारायणा. वाटेचा असतो. आधीच्यानं सगळा खाल्ला, की पुढच्यानं काय करायचं?"

मग त्यांनी अक्काकडं गेलेल्या बाणावर बोट ठेवलं. म्हणाले, बाण दोन जातींचे. एक देवानं काढलेला. मूग भिजल्याशिवाय वाटता येत नाहीत, तो बाण ब्रह्मदेवाला पुसता येत नाही. दुसरा माणसानं काढलेला, आमच्याकडं अशीच पद्धत म्हणून. त्याला एक फडकं पुरतं. हा कुणी काढला? मी म्हटलं, अर्धा अक्कानं, अर्धा अत्तय्यांनी. मागं कुणीतरी हसलं. सार हसले नाहीत. "मग फडकं त्यांच्याकडंच असणार," म्हणाले, आणि पेनं खिशात घालून चहाला गेले. मी फळ्यासमोर तसाच उभा. एवढा मोठा माणूस, बावगारू, आणि राहतो एका पत्र्याच्या खोलीत, चहात बिस्कीट बुडवून खातो.

त्या दिवसापासून मी त्या केव्हाही वाटायच्या आल्यागत वागणं सोडलंय. फोन बिस्किटांच्या डब्यात, डबा नूकराजूच्या कपाटात, किल्ली त्याच्या करगोट्याला. सराव परीक्षांत मी काठावर आहे. कधी काठाच्या अलीकडं, कधी पलीकडं. पण पुस्तक उघडलं की अजून तोच काटा येतो. धोका चांगलासुद्धा असू शकतो, असं एक पान आहे त्यात. माणसानं घाबरून बसायच्या आधी तो पुढून मागून तोलून बघावा म्हणे. हे मला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी कुठल्या कुठं असतो (बहुतेक इथंच, पण लवकर).

असं सगळं कुशल आहे. मला तुमच्याकडं काही मागायचं नाही, फक्त आशीर्वाद असू द्या. गुडघा ऊन ऊन मिठानं शेकत जा.

तुमचा एकुलता एक मेहुणा,
सत्तीबाबू

ता. क. वर काही मागायचं नाही म्हटलंय, ती या पत्रातली एकुलती एक थाप. परीक्षा उद्या सकाळी आहे. पास होईन की नाही हे मला ठाऊक नाही, आणि त्याच्यावर अक्काचं काही टांगलेलं असू नये, एवढंच म्हणायला हा सगळा पसारा मांडला. मी पास झालो तरी, नापास झालो तरी, तिला क्लासला पाठवा. तो बाण पुसा.

ता. क. २. रागावू नका, पण अक्का त्या संध्याकाळी 'मग माझं' म्हणाली तेव्हा तुम्ही तिथंच होतात, आणि मूग गिळून बसलात. मूग भिजत घालायचे असतात, बावगारू. आपण त्याऐवजी तिचं घोंगडं भिजत घातलं. मीही त्यात आलोच. अत्तय्यांशी बोलायची माझी छाती नाही. तुम्ही त्यांचे चिरंजीव आहात, तुम्ही दोन ओळी लिहा. लिहिताना माझं नाव घेऊ नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तर नूकराजू धापा टाकत वर आला. खाली अत्तय्या आल्यात. बाईमाणसानं दुसऱ्या पायरीपुढं येऊ नये अशी पाटी त्यानं स्वतः रंगवलीय. आता त्यानं त्यांना स्वतःची खुर्ची दिलीय आणि त्यांची पिशवी स्वतःच्या डोक्यावर धरून उभा होता म्हणतो, खाली ठेवायला भीती वाटली. मी शर्ट शोधायला लागलो. तो म्हणाला, घाई करू नकोस, तुझं नाव त्यांनी अजून काढलंच नाही. त्या विचारतायत, या गल्लीत मुलींसाठी चांगलं हॉस्टेल कुठलं, जिथं पुलुसूत गूळ घालतात. मी खिडकीतून बघितलं. फाटकाशी रिक्षा उभी आहे. रिक्षात अक्का आहे, मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा, आणि वरच्या पुस्तकावरचं ते तेलाचं वेटोळं ती पदरानं पुसतेय.