येळवशीच्या दिवशीची सुनावणी

गुरुजी,

तुमची मुलगी गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली आणि आता थंडीही ओसरत आली आहे. ही बातमी सर्वांत आधी तुम्हाला कळवणे माझे कर्तव्य होते. परंतु तुम्हीच कधीचे गेलेले, त्यामुळे ते कर्तव्य कोणापाशी पार पाडावे हे मला उमगले नाही. आज लिहायला बसलो आहे तो मात्र शोक कळवण्यासाठी नव्हे. मला राग आला आहे, आणि माझा राग शेवटपर्यंत ऐकून घेणारे माणूस या घरात आता राहिलेले नाही.

तलावाच्या पायऱ्यांवर तुम्ही उन्हाळी सुट्टीत शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवत होता. कमरेला वाळलेले भोपळे बांधायचे आणि तुमच्या हाकेसरशी पाण्यात उतरायचे, एवढाच तुमचा अभ्यासक्रम. मी वरच्या पायरीवर सदऱ्याची घडी घालत बसलेला असतो. तुम्ही पाण्यातून ओरडता, "अरे, काठावर बसून पाणी मोजतोस काय? उतर खाली!" सगळी मुले हसतात, आणि सर्वांत मोठ्याने हसते ती तुमची मुलगी, त्या वर्गातली एकुलती एक मुलगी. त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः वळलेली दोरी लावून एक नवा भोपळा आमच्या घरी आणून दिलात आणि माझ्या आईला म्हणालात, "हा याचा. दुसऱ्या कुणाला देऊ नका." त्या भोपळ्यावर मी पोहायला शिकलो. पुढे तुम्ही माझे सासरे झालात, तरी माझ्या तोंडी गुरुजीच राहिलात. तुमच्यामागे तो वर्ग तिने चालवला. ओढण्या कमरेला आवळून मुली पायऱ्यांवर उभ्या राहत, आणि ती छातीइतक्या पाण्यात एकेकीच्या पोटाखाली हात धरून तिला तरंगवत असे. कळंबच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मीही रोज सकाळी तिच्यासोबत जाऊन, वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून, वरच्या पायरीवर बसत असे. त्या वर्गाला फी नव्हती, कोणाची परवानगी नव्हती. पाणी गावाचे होते.

आता त्या काठाचे सुशोभीकरण होणार आहे. आराखडा मी बारकाईने पाहिला. पायऱ्या बुजवून त्यांवर पदपथ, पदपथाच्या कडेने छातीइतके स्टीलचे कठडे, तिकीट काढून बसायच्या हंसाच्या आकाराच्या होड्या, मोठ्या रंगीत अक्षरांत गावाचे नाव आणि त्यापुढे उभे राहून फोटो काढण्यासाठी चौथरा. पाण्यात उतरायला संपूर्ण काठावर एकही जागा ठेवलेली नाही. उतरण्यास सक्त मनाई असल्याच्या पाट्या मात्र जागोजागी दाखवल्या आहेत. ज्या गावाने दोन पिढ्या मुलांना पाण्यावर तरंगायला शिकवले, त्या गावाने यापुढे पाण्याकडे पाठ करून हसायचे आणि फोटो काढायचा, अशी ही योजना आहे.

या योजनेवर नागरिकांचे म्हणणे ऐकण्यासाठी तलावाच्या काठीच सुनावणी ठेवली होती. दिवस कोणता, तर येळवशीचा, वेळ अमावास्येचा! सारे गाव घरांना कुलपे लावून रानात जाते, कडब्याच्या कोपीत पांडव पुजते आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालते, तो दिवस. मी गावात होतो, कारण तिच्या मागे वर्षभर आमच्या घरी सण नाही. मी इस्त्रीचे कपडे घालून वेळेवर पोचलो. मांडवात खुर्च्यांच्या रांगा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, कापडाच्या फलकावर आराखडा. माणसे तीन: पालिकेचे अधिकारी, पुण्याहून आलेला तरुण आर्किटेक्ट आणि एक शिपाई.

"लोक कुठे आहेत?" मी विचारले.

शिपाई म्हणाला, "सर, आज गावात कुत्रं बी न्हाय. तीबी रानात गेलेत जेवायला."

आर्किटेक्ट खरोखरच गोंधळला होता. "पण आज तर स्थानिक सुट्टी आहे ना, सर? मुद्दाम सुट्टी बघून तारीख घेतली. लोकांना वेळ असावा म्हणून."

त्याला मी क्षमा करू शकतो. त्याच्या शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यांना नाही. ते आपल्याच जिल्ह्यातले. त्यांची स्वतःची बायकामुले त्या क्षणी कोणत्या तरी रानात त्यांची वाट पाहत असणार. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "तुमचं काय म्हणणं असेल ते सांगा, लिहून घेतो. मलाबी ईटला जायचंय, गावाकडं, शेतावर."

गुरुजी, मी त्याच वेळी बोलायला हवे होते. परंतु रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण करणे मला अयोग्य वाटले. मी म्हणालो, "मी एकटा म्हणजे गाव नव्हे. लोकांची सुनावणी लोकांसमोर झाली पाहिजे."

"मग आणा लोक," ते म्हणाले. "दोनपर्यंत बसतो."

मी स्कूटरवरून तलावाच्या पलीकडच्या रानांत गेलो. पहिल्याच कोपीपाशी आमच्या प्रभागाचे नगरसेवक मांडी घालून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि भाकरी खात होते. मी उभ्या-उभ्या त्यांना त्यांच्या पदाची जाणीव करून दिली. ते म्हणाले, "सर, तो आर्किटेक्ट पुण्याचा, त्याला काय ठावं. तुम्ही तर हितलेच, तुम्हाला कोण चावलं? येळवशीला मीटिंग म्हणं! बसा आधी." भोवतीचे सगळे हसले. पुढच्या रानात एका दुकानदाराने कबूल केले, "पायऱ्या राहायलाच पाहिजेत, शंभर टक्के," आणि तेवढे बोलून पुन्हा ताटाकडे वळला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांच्या मुली त्या पाण्यात हातपाय मारायला शिकल्या, ते लोक आंबिलीचे मडके सोडून दोन तास उठायला तयार नव्हते. कोणत्याही सरकारला आपले तळे घेण्यासाठी यापेक्षा अधिक सोयीचे गाव सापडणार नाही.

तिसऱ्या कोपीत एक बाई होती, जिच्या दोन्ही मुलींना तुमच्या मुलीने पोहायला शिकवले होते. तिच्यापुढे मी सरीत उभा राहून मनात साचलेले सगळे बोललो. नागरिकांचे कर्तव्य, लाज, गावाचा आळस. तिने ऐकून घेतले.

"येते की मी," ती म्हणाली. "पण माझे सासरे रानभर आंबील शिंपडायला गेलेत. ते आल्याबिगर उठता येत न्हाय. तवर तुम्ही काय उन्हात उभंच राहणार?"

"मी यंदा सण करत नाही."

"सण नका करू. जेवा." मग जरा थांबून म्हणाली, "राग नका मानू, सर. पोरींच्या बाई असत्या तर आधी जेवल्या असत्या, मग भांडल्या असत्या. तुम्ही उपाशी भांडायलात, म्हणून कुणी ऐकंना."

सासरे आल्यावर ती निघाली, सोबत शेजारच्या रानातल्या दोघी आल्या. तिघी एका मोटारसायकलवर तिच्या दिरामागे कशाबशा बसल्या आणि माझ्या पाठोपाठ आल्या. आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि शिपाई खुर्च्या एकात एक रचत होता. अधिकारी ईटला गेले होते. "हरकत आलेली नाही, असं लिहून गेले," शिपाई म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच बायका माझ्याआधी पालिकेत जाऊन उभ्या होत्या. अधिकाऱ्यांनी सौजन्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि सांगितले की संधी रीतसर देण्यात आली होती. त्या बाईने चहा घेतला नाही. "संधी न्हाय, साहेब," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या घरी आम्ही नसताना आलात." मी इतकी वर्षे कॉलेजात शिकवले, पण मला ते वाक्य सुचले नसते.

मागच्या आठवड्यात पायऱ्यांवर मुरूम पडला. वरची पायरी अजून दिसते. मी रोज जातो आणि कामगारांना उगाच प्रश्न विचारतो. ते मला टाळतात. उन्हाळ्यात मुली येतील आणि कठड्याला हात लावून उभ्या राहतील. मग कुणीतरी चोरून कठडा ओलांडेल, शिकवणारे कुणी नसताना. आणि तसे काही घडले की तेच अधिकारी मनाईच्या पाटीकडे बोट दाखवतील. याचा मला जितका राग आहे तितका आयुष्यात कशाचाही आला नव्हता. तुमच्या मुलीने ज्या शांतपणे अखेरचे दिवस काढले, ती शांतता मला अजिबात साधलेली नाही.

हे पत्र मी पालिकेला पाठवणार नाही, आणि तुम्हाला पाठवता येत नाही. म्हणून एक गोष्ट इथे लिहितो, जी मी त्या तिघींपुढेही कबूल केलेली नाही. तिसऱ्या कोपीतल्या त्या बाईचे सासरे परतले तेव्हा दोन वाजायला बराच अवकाश होता. ती पदर खोचून निघायला तयार उभी होती. माझ्या पुढ्यात बाजरीचे उंडे आणि भज्जी होती, वाटीत आंबील. तुमची मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली होती, आणि जेवताना ना सुनावणी आठवत होती, ना ती. बाईने विचारले, "सर, निघायचं? का आणखी वाढू?"

मी म्हणालो, "वाढा."